लेकीला लागलेली पिशवी ३९ दिवसांची होती. साठवलेल्या रक्ताचा कस कसा ओळखायचा?

मुलुंडची_आई (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक नऊ वर्षांची आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात स्वतःचं पुरेसं हिमोग्लोबिन तयारच होत नाही. सात महिन्यांची असताना निदान झालं, तेव्हापासून रक्त चालू आहे. आता वजन २४ किलो. दर २०-२१ दिवसांनी डे-केअरला जातो. सकाळी एचबी (हिमोग्लोबिन) बघतात, क्रॉसमॅच होतं, म्हणजे तिचं आणि दात्याचं रक्त जुळतं का ते बघतात, दुपारी पॅक सेलची, म्हणजे लाल पेशींची, एक पिशवी लागते. मी पहिल्यापासून वही ठेवली आहे. तारीख, आधीचं एचबी, पिशवीवरची कलेक्शनची तारीख, मुदत, किती वाजता लावली, किती वाजता संपली. लेबलचा फोटोही काढून ठेवते.

गेल्या वेळी कलेक्शनची तारीख पाहून दिवस मोजले तर ३९. मुदत ४२ दिवसांची, म्हणजे तीनच दिवस उरलेले. पिशवी ट्रेमध्ये पडून होती तेव्हा लाल थराच्या वरचं पाणी मला गुलाबीसर वाटलं. सिस्टरना दाखवलं. त्या म्हणाल्या, "डेट आहे ना अजून, काही होत नाही." खरंच थंडी-ताप काही आलं नाही. पण एरवी २१ व्या दिवशी साडेनऊच्या आसपास असणारं एचबी या वेळी १९ व्या दिवशीच ८.१ निघालं. त्या आठवड्यात शाळेतून आली की पाठीवरचं दप्तरही न काढता पलंगावर आडवी व्हायची.

मला जाणून घ्यायचं आहे की मुदतीत असलेल्या दोन पिशव्यांमध्ये चांगली कुठली, हे रक्तपेढीत कोणी तपासतं का? कसं तपासतात? आणि आई म्हणून मी काय बघू शकते, काय मागू शकते? जुनी पिशवी नको म्हणावं का?

हे विचारताना जीव कासावीस होतो. कोणीतरी कामावरून वेळ काढून, सुई टोचून घेऊन दिलेलं रक्त आहे ते. त्याला नावं ठेवायची नाहीत मला. त्या माणसामुळे माझी लेक चौथीत पोचली आहे. पण तेच रक्त तिच्या अंगी पूर्ण लागावं एवढंच वाटतं.

कल्याणचा_बाबा (बुधवार, सकाळी ७:०५)

ताई, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्यालाही हेच. आम्ही कायम १४ दिवसांच्या आतली पिशवी मागतो, ल्युकोफिल्टर झालेलीच, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेली. ३९ दिवसांचं रक्त म्हणजे मेलेलं रक्त. सरळ परत पाठवा, घाबरू नका. आपल्याला रक्त मोफत मिळतं म्हणून उरलंसुरलं देतात, असा माझा अनुभव आहे.

परळचा_टेक्निशियन (बुधवार, दुपारी ३:२०)

मुलुंडच्या ताई, मी ३१ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होतो, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. तुमच्यासारखी वही ठेवणारी आई आली की आम्ही तिला आत बोलावून खुर्ची द्यायचो, कारण पिशवी बाहेर गेल्यावर तिचं पुढे काय झालं हे पेढीला क्वचितच कळतं. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कल्याणच्या साहेबांसाठी. ३९ दिवसांचं रक्त मेलेलं नसतं, आणि मोफत आहे म्हणून कोणी मुद्दाम जुनं देत नाही. पेढीत जी पिशवी आधी आली ती आधी बाहेर जाते. तसं केलं नाही तर मुदत संपून दान केलेलं रक्त जाळायला पाठवावं लागतं. मात्र थॅलेसेमियाची मुलं आणि नवजात बाळं यांच्यासाठी ताज्या पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि चांगल्या पेढ्या त्या ठेवतात. त्यामुळे १४ दिवसांच्या आतली पिशवी मागणं रास्तच आहे. थॅलेसेमियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त द्यावं असं म्हटलं आहे.

आता हा ४२ चा आकडा आला कुठून? निरोगी माणसाचं रक्त घेऊन साठवतात, मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यातल्या थोड्या पेशींना क्रोमियम-५१ ची खूण करून त्याच माणसाला परत देतात. २४ तासांनी सरासरी ७५ टक्के पेशी तरी त्याच्या अंगात फिरत असायला हव्यात. ही झाली एक कसोटी. दुसरी म्हणजे पिशवीतल्या पिशवीत किती पेशी फुटल्या, त्याला हिमोलिसिस म्हणतात. अमेरिकेत मर्यादा १ टक्का, युरोपात ०.८ टक्के. आम्ही ०.८ धरायचो. सीपीडीए-१ या द्रावणात या कसोट्या ३५ दिवसांपर्यंत पार होतात, सॅग-एम घातलं की ४२ पर्यंत. सॅग-एम म्हणजे मीठ, अॅडेनिन, ग्लुकोज आणि मॅनिटॉल. पेशी फुटू न देण्याचं बरंचसं काम त्यातलं मॅनिटॉल करतं.

तुमच्या लक्षात आलं असेल की ७५ टक्के ही सरासरी आहे, आणि ती नवं द्रावण किंवा नवी पिशवी मंजूर करताना तपासली जाते. तुमच्या हातातल्या पिशवीवर ही तपासणी करताच येत नाही.

पेशींचं आत काय होतं तेही सांगतो. ४ अंशांत पेशी जगते, पण तिचा सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. डीपीजी नावाचा पदार्थ, ज्याच्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं, तो दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतो. तो शरीरात गेल्यावर दोन-तीन दिवसांत भरून येतो, त्याची काळजी नको. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, हळूहळू उतरतं. आणि आकार बदलतो. हे मी सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो वेळा पाहिलं आहे. ताजी पेशी अंगठ्याने मध्ये दाबलेल्या पेढ्यासारखी असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून काही पेशींना काटे येतात, धोतऱ्याच्या बोंडासारखे. इथवर गेलेल्या बऱ्याच पेशी अंगात गेल्यावर पुन्हा सावरतात. पण काही पेशी पुढे जातात, काटे झडून गुळगुळीत गोळी होते. त्या परत येत नाहीत. प्लीहा त्यांना अडवते आणि पहिल्या २४ तासांतच मोडीत काढते. थॅलेसेमियाच्या मुलांच्या बाबतीत मला याचंच वाईट वाटायचं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. पहिल्याच दिवशी मोडलेली पेशी ऑक्सिजन वाहण्याचं काम न करताच आपलं लोह अंगात टाकून जाते, आणि ते काढायला गोळ्या तुमच्या लेकीला घ्याव्या लागतात.

पेढीत तपासणी होते का? होते, पण प्रत्येक पिशवीची नाही. महिन्याला तयार झालेल्या पिशव्यांच्या १ टक्का किंवा किमान ४, यांत जे जास्त असेल तेवढ्या तपासायच्या. हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं शेकडा प्रमाण), एकूण हिमोग्लोबिन, आकारमान, फिल्टर केलेली असेल तर उरलेल्या पांढऱ्या पेशी, आणि साठवणीच्या अखेरीस हिमोलिसिस. हिमोलिसिसचं गणित सोपं आहे. शंभरातून हिमॅटोक्रिट वजा करा, वरच्या पाण्यातल्या हिमोग्लोबिनने गुणा, पिशवीतल्या एकूण हिमोग्लोबिनने भागा. समजा हिमॅटोक्रिट ५५, डेसिलिटरमागे (१०० मिलीमागे) पाण्यात ०.१२ ग्रॅम, एकूण १८ ग्रॅम. ४५ गुणिले ०.१२ भागिले १८, म्हणजे ०.३ टक्के. उत्तम पिशवी. याच पिशवीत ०.८ ची मर्यादा गाठायला पाण्यात डेसिलिटरमागे ०.३२ ग्रॅम हिमोग्लोबिन यावं लागेल, आणि त्याच्या खूप आधी पाणी डोळ्याला लाल दिसू लागतं. म्हणून तुम्ही पाहिलेला गुलाबीपणा खरा असेल, पण तेवढ्यावरून पिशवी नापास ठरत नाही. आम्ही नव्या पोरांना सांगायचो, गुलाबी दिसली तर मशीनवर घाल, नुसतं बघून ना पास कर ना नापास.

काही गोष्टींवर मात्र डोळ्यानेच थांबायचं. पिशवीतलं रक्त काळपट-जांभळं पडलेलं असेल आणि तिच्याच नळीच्या तुकड्यातलं, म्हणजे सेगमेंटमधलं, लालच असेल तर आत जंतू वाढले असण्याची शक्यता धरायची. गुठळी दिसली, कुठे ओल दिसली, लेबल फाटलेलं असलं, तर लावायची नाही. हे सिस्टरना निःसंकोच सांगा.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे त्याकडे येतो. तारखेआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, वाटेत काय झालं. एकदा जुलैत, हिंदमाताला कमरेएवढं पाणी, एक गृहस्थ आमच्याकडून बायकोसाठी पिशवी घेऊन निघाले. आम्ही खोक्यात नीट पॅक करून दिली होती. वाटेत गाडी बंद पडली, त्यांना वाटलं रक्त गरम होईल, म्हणून त्यांनी पिशवी खोक्यातून काढली आणि एका मासळीवाल्याकडून बर्फ घेऊन प्लास्टिकच्या थैलीत त्या बर्फातच पुरली. साडेतीन तासांनी नर्सिंग होममध्ये पोचले. तिथल्या सिस्टरचा फोन आला की वरचं पाणी काविळीच्या लघवीसारखं नाही, सरबतासारखं लाल आहे, लावू का? त्या बाईंनी विचारलं म्हणून पेशंट वाचली. बर्फाला टेकलेल्या बाजूचं रक्त गोठलं होतं, आणि गोठलेली पेशी वितळताना फुटतेच. ती पिशवी फक्त सहा दिवसांची होती, ताई. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. त्याने बिचाऱ्याने काळजीपोटीच केलं होतं. त्यानंतर मी खोकं देताना "बर्फ पिशवीला टेकता कामा नये" हे दोनदा म्हणायचो आणि समोरच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचो.

तसंच वॉर्डात. पिशवी फ्रीजबाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिली तर आम्ही ती परत साठ्यात घेत नसू. लावल्यापासून चार तासांत संपायला हवी. गरम पाण्यात बुडवायची नाही, रेडिएटरसारख्या कशावर ठेवायची नाही. त्याच नळीतून नॉर्मल सलाईनशिवाय काहीही जाता कामा नये. ग्लुकोजच्या बाटलीने पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने गुठळ्या होऊ शकतात.

दुसरी गोष्ट, पिशवीत हिमोग्लोबिन किती ग्रॅम होतं. आपण "एक पिशवी" म्हणतो, पण पिशवी हे ठरलेलं माप नव्हे. आपल्याकडे ४५ किलोच्या वरच्या दात्याकडून ३५० मिली घेतात, ५५ किलोच्या वर असेल तर ४५० घेता येतं. दात्याचं एचबी किमान १२.५ लागतं, पण १५-१६ वालेही येतात. आता बघा, १२.५ वाल्याचे ३५० मिली म्हणजे जेमतेम ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन. १५ वाल्याचे ४५० मिली म्हणजे ६७ ग्रॅम. घटक वेगळे करताना आणि फिल्टरमध्ये दोन्हींतलं थोडं जातं, पण फरक दीडपट राहतो. तरी दोन्ही पिशव्यांना आपण "पॅक सेल, एक युनिट" एवढंच म्हणतो.

तुमच्या लेकीचं वजन २४ किलो. किलोमागे ७० मिली धरलं तर अंगात सुमारे १७०० मिली रक्त, म्हणजे १७ डेसिलिटर. तिला ५१ ग्रॅम मिळाले तर एचबी साधारण ३ ने चढेल. ३४ ग्रॅम मिळाले तर २ ने. हा एक ग्रॅमचा फरक म्हणजे तिच्या साधारण आठवड्याभराची ताकद आहे. जुन्या पिशवीतल्या पाचव्या हिश्शाच्या पेशी पहिल्या दिवशी गेल्या असं धरलं, तर ५१ पैकी १० ग्रॅम, म्हणजे एचबीत ०.६ चा फरक. तारखेला महत्त्व आहेच, मी नाकारत नाही. पण लहान पिशवीचा फटका बऱ्याचदा त्याहून मोठा असतो आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

तुमच्याकडे लेबलचे फोटो आहेत. त्यावर ३५० लिहिलंय की ४५०, एवढं बघून सांगाल का? जमलं तर गेल्या सहा वेळचं.

रेसिडेंट_डॉक्टर (बुधवार, रात्री १०:१५)

मी ट्रान्सफ्यूजन मेडिसिनमध्ये शिकतोय. काकांनी बहुतेक सगळं सांगितलं आहे, दोन गोष्टींची भर घालतो.

ताजं की जुनं यावर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. २०१५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरची एबल आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरची रिसेस, २०१६ मध्ये चार देशांतल्या २० हजारांहून अधिक रुग्णांवरची इन्फॉर्म. ताजं रक्त दिल्याने मृत्यू कमी झाले असं एकीतही दिसलं नाही. युगांडातही २०१५ मध्ये तीव्र रक्तक्षय असलेल्या लहान मुलांवर अभ्यास झाला. २५ ते ३५ दिवसांच्या रक्ताने ऊतींना ऑक्सिजन पोचवण्यात १ ते १० दिवसांच्या रक्तापेक्षा कमी काम केलं नाही. म्हणजे तातडीच्या वेळी समोर फक्त जुनी पिशवी असेल तर ती नाकारू नका, हे मी हात जोडून सांगेन.

पण हे अभ्यास एकदा-दोनदा रक्त लागणाऱ्यांचे आहेत. वर्षाला १७-१८ वेळा, तेही आयुष्यभर, रक्त लागणाऱ्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रत्येक पेशी किती दिवस टिकली यावर पुढची तारीख आणि लोहाचा भार ठरतो. म्हणून थॅलेसेमियात ताजी पिशवी मागणं योग्यच.

दुसरं, एचबी लवकर उतरलं तर दोष पिशवीचाच असेल असं नाही. मुलीच्या शरीरात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली असेल किंवा प्लीहा वाढली असेल, तरी असंच होतं. प्लीहा काढलेली नसलेल्या मुलीचं एचबी आठवड्याला दीड ग्रॅमहून जास्त घसरत असेल तर कारण शोधायलाच हवं. अँटिबॉडी स्क्रीन शेवटचं कधी झालं होतं?

गिरणगावातला_कार्यकर्ता (गुरुवार, सकाळी ९:३०)

काका, आमचं मंडळ दर गणेशोत्सवात शिबिर घेतं, १ मेलाही घेतो. गेल्या वर्षी एका दिवसात २१२ पिशव्या झाल्या, मोठा बॅनर लावला होता. तुमचं वाचून मनात आलं, त्यातल्या किती पिशव्या ४० व्या दिवशी कोणाला लागल्या असतील? आमच्या आजूबाजूलाच चार मंडळांची शिबिरं त्याच आठवड्यात असतात. आम्ही काय वेगळं करायला हवं?

परळचा_टेक्निशियन (गुरुवार, दुपारी १:१०)

दादा, तुम्ही विचारलंत याचं फार समाधान वाटलं. मी नोकरीत असताना हे सांगायला मंडळांकडे जायचो, पण बॅनर आधीच छापून झालेला असायचा.

मुंबईत रक्त लाटांनी येतं. गणपतीत, राष्ट्रीय सणांना, नेत्यांच्या वाढदिवसाला फ्रीज ओसंडतात. मे महिन्यात लोक गावी जातात, कॉलेजं बंद, दिवाळीतही तेच, आणि तेव्हा पेढीतून फोनवर फोन जातात. लाटेनंतर महिनाभराने निघणाऱ्या पिशव्या म्हातारल्या असतात. मुलुंडच्या ताईंना ३९ दिवसांची पिशवी मिळाली त्यामागे असंच काहीसं असू शकतं.

२१२ दाते एका दिवशी आणण्यापेक्षा त्यांचे चार गट करा आणि तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने बोलवा. उत्सवाच्या मांडवात नावं नोंदवा, रक्त नंतर द्या. आणखी एक काम मंडळच करू शकतं. एका थॅलेसेमियाच्या मुलाला वर्षाला १७ पिशव्या लागतात. पुरुष ९० दिवसांनी पुन्हा देऊ शकतो, म्हणजे वर्षाला चार वेळा. बाया १२० दिवसांनी, तीन वेळा. मुलाच्या गटाचे, शक्य तर ५५ किलोच्या वरचे, सहा-सात ठरलेले दाते असले की त्या मुलाला वर्षभर ताजी, मोठी पिशवी मिळते. पेढीने त्या सात जणांचे आरएचचे इतर अँटिजेन (लाल पेशीवरच्या खुणा) आणि केल नावाचा अँटिजेन तपासून जुळवून घेतले तर अँटिबॉडीचा धोकाही कमी होतो. काही दात्यांचं रक्त साठवणीत मुळातच छान टिकतं, काहींचं लवकर फुटतं, आणि त्याच दात्याचं पुढच्या वेळीही बहुधा तसंच वागतं. ठरलेले दाते असले की दोन-तीन फेऱ्यांत तेही कळून येतं.

उन्हात मांडव असेल तर रक्त घेतल्यावर पिशव्या टेबलाखाली पडून राहू देऊ नका. पेढीच्या माणसाला पेटी लवकर न्यायला लावा. सत्कार, भाषणं त्यानंतर.

मुलुंडची_आई (गुरुवार, रात्री ११:५५)

काका, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. लेक झोपल्यावर फोटो काढून बसले. गेल्या सहा वेळचं लिहिते. जुनं आधी.

४५० ची, ११ दिवसांची, पुढच्या वेळी एचबी ९.६. मग ४५० ची, ३० दिवसांची, ९.४. मग ३५० ची, १२ दिवसांची, ८.५. पुन्हा ४५० ची, १८ दिवसांची, ९.५. त्यानंतर ४५० ची, फक्त ९ दिवसांची, आणि १८ व्या दिवशी ८.३. शेवटची ती ३९ दिवसांची, ३५० ची, १९ व्या दिवशी ८.१.

३० दिवसांच्या मोठ्या पिशवीने १२ दिवसांच्या छोटीपेक्षा जास्त साथ दिली, हे माझ्या वहीत होतं आणि मला दिसलं नव्हतं. मी फक्त तारखेच्याच रकान्याकडे बघत राहिले.

अँटिबॉडी स्क्रीन दोन वर्षांपूर्वी झालं होतं, निगेटिव्ह होतं.

परळचा_टेक्निशियन (शुक्रवार, सकाळी ६:४०)

ताई, ३९ दिवसांची विसरा. ती जुनी पण होती आणि लहान पण. माझं लक्ष तिच्या आधीच्या पिशवीवर अडकलंय. ४५० ची, नऊ दिवसांची, आणि तरी १८ दिवसांत ८.३. हे ना तारखेने उलगडतं ना मापाने. वाटेत काही झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण मी असतो तर आधी रक्त तपासायला घेतलं असतं. आजच तुमच्या डॉक्टरांना हाच आकडा दाखवा. डीसीटी (लाल पेशींना अँटिबॉडी चिकटली आहे का, ही तपासणी) आणि अँटिबॉडी स्क्रीन पुढची पिशवी लागण्याआधी व्हायला हवं. काही अँटिबॉडी नुसत्या सलाईनच्या क्रॉसमॅचमध्ये सुटतात, तपासणी पुढच्या कूम्ब्स फेजपर्यंत न्यावी लागते. तुमच्या पेढीत पॅनल, म्हणजे अँटिबॉडी नेमकी कुठली हे ओळखायची सोय, नसेल तर परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे असले नमुने पाहण्याचा अनुभव मोठा आहे. तुमचे डॉक्टर चिठ्ठी देतील.

रेसिडेंट_डॉक्टर (शुक्रवार, सकाळी ८:०२)

काकांशी पूर्ण सहमत. पोटाला हात लावून प्लीहाही बघायला सांगा.

मुलुंडची_आई (दहा दिवसांनंतर, रविवार, संध्याकाळी ५:३०)

कळवायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली, फोटो मागून घेतले. प्लीहा आधी होती तेवढीच आहे. डीसीटी किंचित पॉझिटिव्ह आला आणि पॅनलमध्ये अँटी-ई, म्हणजे आरएचमधल्या ई अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी, निघाली, बिग ई (कॅपिटल ई) म्हणाले. म्हणजे नऊ दिवसांच्या त्या ताज्या, मोठ्या पिशवीतल्या पेशींवर तो अँटिजेन असणार. ऐकल्यावर आधी रडायला आलं, मग डॉक्टर म्हणाले की आपल्याकडचे बहुतेक दाते ई-निगेटिव्हच असतात, फक्त आता दर वेळी तसा शोधून घ्यायचा.

बुधवारी ई-निगेटिव्ह, ४५० ची, फिल्टर केलेली, आठ दिवसांची पिशवी लागली. पिशवी कुठून आली, किती वाजता फ्रीजमधून काढली, हे सिस्टरनी स्वतःहून सांगितलं. वहीत मी दोन रकाने वाढवले आहेत, मिली आणि बिग ई. गिरणगावातल्या दादांचा निरोप आला आहे, त्यांच्या मंडळातले आमच्या गटाचे पाच जण तपासणीला येणार आहेत.

परळचा_टेक्निशियन (रविवार, रात्री ८:१५)

ताई, तिला अँटी-ई आहे, बिग ई निगेटिव्हच रक्त द्यायचं, असं कार्ड पेढीकडून लिहून घ्या आणि लॅमिनेट करून तिच्या दप्तरात ठेवा. एखाद्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर तिथल्या लोकांना हे माहीत नसेल, आणि तोवर अँटिबॉडी इतकी उतरलेली असेल की त्यांच्या तपासणीत दिसणारही नाही. १४ व्या दिवशी एक एचबी करून इथे आकडा टाकाल का? मी वाट बघतोय.